म१२७: एकशे सव्वीस ओळी, शेवटची कोरी

२ नोव्हेंबर २०२५

संख्या ठरली: २ चा १२७ वा घात वजा १. यापुढे नोंदीत नुसतं ‘म’.

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७

एकूण ३९ आकडे. आपल्या परंपरेतली नावं परार्धापाशी, म्हणजे १ वर १७ शून्यांपाशी थांबतात. परार्धाची परार्धपट केली आणि ती १७,०१४ वेळा घेतली की आपण ‘म’च्या जवळ येतो. याहून मोठ्या संख्या हव्या तितक्या मिळतील. हीच घेतली, कारण ती मूळसंख्या आहे हे एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली यंत्राशिवाय दाखवलं. नंतर ७५ वर्षं माहीत असलेल्या मूळसंख्यांत हीच सर्वांत मोठी होती.

करायचं काय, तर ती कसोटी पायरी-पायरीने कापडावर विणायची. १२६ ओळी, प्रत्येकीत १२७ घरं. ‘म’ मूळसंख्या असेल तर शेवटची ओळ कोरी येते, नसेल तर येत नाही. भिंतीवर ३९ आकडे रंगवून ठेवणं सोपं होतं, पण ते पाहून ही संख्या मूळ का, हे कुणालाच कळलं नसतं. आणि सोलापुरात मागाची काय कमी! २२ डिसेंबरच्या गणित दिनाआधी नमुना हातात हवा.

५ नोव्हेंबर

आधी संख्याच हाताने काढली. १२७ वेळा दुप्पट करत बसण्यात अर्थ नाही, चुका साचत जातात. २^६४ आणि २^६३ यांचा एकच मोठा गुणाकार केला. दोन्हींचे उजवीकडून चार-चार आकड्यांचे गट पाडले:

१८४४ ६७४४ ०७३७ ०९५५ १६१६
९२२ ३३७२ ०३६८ ५४७७ ५८०८

पाच गट गुणिले पाच गट, म्हणजे २५ छोटे गुणाकार. प्रत्येक जास्तीत जास्त आठ आकडी, त्यामुळे साधा कॅल्क्युलेटर पुरतो. पहिला: १६१६ × ५८०८ = ९३,८५,७२८. ५७२८ लिहायचे, हातचे ९३८. दुसरा स्तंभ: ९५५ × ५८०८ + १६१६ × ५४७७ + हातचे ९३८ = १,४३,९८,४१०. ८४१० लिहायचे, हातचे १४३९. तिसऱ्यात तीन गुणाकार आणि हातचे मिळून १,०१,०७,१५८ येतात. ७१५८ लिहायचे, हातचे १०१०. असं करत डावीकडे जायचं. शेवटी:

१७० १४११ ८३४६ ०४६९ २३१७ ३१६८ ७३०३ ७१५८ ८४१० ५७२८

यातून १ वजा केला की ‘म’. उसना घ्यावा लागत नाही, फक्त शेवटचा ८ जाऊन ७ येतो.

फसायची जागा म्हणजे ०४६९. गटाच्या सुरुवातीचं शून्य गाळून ४६९ लिहिलं की संख्या ३८ आकडी होते. दोन कच्च्या प्रतींपैकी एकीत नेमकं तेच झालं. यापुढे प्रत्येक गटाला चार घरं आधी आखायची, मग आकडे भरायचे.

७ नोव्हेंबर

आज ताळे. शाळेतला ९ चा ताळा इथे पुरत नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो.

‘म’च्या आकड्यांची बेरीज १५४. १ + ५ + ४ = १०, म्हणजे ताळा १. दुसऱ्या बाजूने, २ चे घात ९ ने भागले तर बाक्या दर सहाला परत येतात. १२७ ला ६ ने भागून १ उरतो, म्हणून २ − १ = १. जुळलं.

पण शून्य गाळलेली कच्ची प्रतही याच ताळ्यातून सुटली. शून्याने बेरीज बदलतच नाही. दुसरी गंमत अजून वाईट: ‘म’ स्प्रेडशीटमध्ये टाकला की ती पहिले १५ आकडे ठेवते आणि पुढे २४ शून्यं भरते. त्या चुकीच्या संख्येची आकडेबेरीज ५५, ताळा पुन्हा १! म्हणजे ९ चा ताळा तिलाही खरी म्हणतो. संख्या त्या खान्यात ठेवायचीच असेल तर खान्याचा प्रकार आधी ‘मजकूर’ करायचा, मग चिकटवायची. उलट क्रमाने केलं तर गेलेले आकडे परत येत नाहीत.

११ चा ताळा: उजवीकडून विषम जागांची बेरीज ८०, सम जागांची ७४, फरक ६. २ चे घात ११ साठी दर दहाला फिरतात; १२७ चे उरतात ७, २^७ = १२८, ११ ने भागून ७, वजा १ म्हणजे ६. जुळलं. शून्य गाळलेल्या प्रतीत हाच फरक १८ येतो, बाकी ७, आणि स्प्रेडशीटच्या संख्येत १. दोघी पकडल्या. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदलही ११ लाच कळते, ९ ला नाही.

सगळ्यात देखणा ताळा १००१ चा. तीन-तीनचे गट उजवीकडून आळीपाळीने अधिक-वजा करायचे:

७२७ − १०५ + ८८४ − ७१५ + ३०३ − ६८७ + ७३१ − २३१ + ४६९ − ४६० + १८३ − १४१ + १७० = ११२८

११२८ − १००१ = १२७. घातांकच समोर येऊन उभा! जादू काही नाही. १००१ साठी २ चे घात दर ६० ला फिरतात, १२७ मधून दोन साठ गेले की ७ उरतात, आणि २^७ − १ म्हणजे १२७.

एक तिरपी टीप. आपल्या आकडेबेरजेने निःशेष भाग जातो त्या संख्येला देवळालीच्या कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं. ‘म’ हर्षद नाही, होऊही शकत नाही: एकाहून जास्त आकडी मूळसंख्येला तिच्या आकडेबेरजेने भाग जाईल कसा?

११ नोव्हेंबर

मुख्य काम. भागून बघायचं म्हटलं तर ‘म’चं वर्गमूळ सुमारे १.३ × १०^१९ आहे. भाजक असलाच तर तो २५४ च्या पटीत १ मिळवून येणारा हवा, शिवाय ८ ने भागून १ किंवा ७ उरणारा. इतकं गाळूनही अडीच × १०^१६ उमेदवार राहतात. सेकंदाला अब्ज भागाकार केले तरी दहा महिने जातील.

लुकाची कसोटी, अमेरिकन गणितज्ञ लेमरने १९३० च्या सुमारास पक्की केलेल्या रूपात, अशी: ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, ‘म’ने भागून बाकी ठेवा. हेच १२५ वेळा. शेवटी शून्य उरलं तर ‘म’ मूळ, नाहीतर नाही. ओळींना स०, स१ … स१२५ अशी नावं.

‘म’ने भागायची युक्ती द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १, एका घरात एक आकडा) आहे. २^१२७ ला ‘म’ने भागून १ उरतो. म्हणून १२७ घरांच्या डावीकडे जे सांडेल ते उचलून उजव्या टोकाला आणून मिळवायचं. चादरीची घडी घालावी तसं, भागाकार नाहीच. लुकाने यासाठी १२७ × १२७ घरांचा पट कल्पिला होता.

छोट्या पटावर करून बघितलं. घातांक ७, संख्या १२७, ओळ स२ = ६७. द्विमानात १००००११. सात घरांच्या ओळी:

१००००११
००००१११
११०००००१ नव्हे, ११००००१

(तिसरी ओळ पहिल्यांदा आठ घरांची लिहिली गेली. खोडलेली मुद्दाम ठेवली आहे, कारण ही चूक सगळ्यांकडून होते.)

पहिली ओळ ६७ तशीच. ६७ मध्ये एकं घर क्रमांक ०, १ आणि ६ वर आहेत, म्हणून तीच ओळ ०, १ आणि ६ घरं डावीकडे सरकवून घ्यायची. डावीकडून पडलेला आकडा उजवीकडून आत येतो. बाकी चार ओळी गाळायच्या. उजवीकडून स्तंभांच्या बेरजा ३, २, १, ०, ०, १, २. हातचे डावीकडे नेत गेलं की डाव्या टोकाला एक हातचा उरतो. तो टाकायचा नाही, उजव्या टोकाला आणायचा. येतात ०१०११००, म्हणजे ४४. वजा २ = ४२. पडताळा: ६७² − २ = ४४८७ = ३५ × १२७ + ४२. बरोबर.

पूर्ण मालिका ४, १४, ६७, ४२, १११, ०. शून्य आलं, १२७ मूळ. घातांक ११ घेतला तर शेवटी १७३६ उरतात; २०४७ = २३ × ८९.

१२ नोव्हेंबर

चूक मुद्दाम करून पाहिली. वरच्या उदाहरणात टोकाचा हातचा टाकून दिला तर ४२ ऐवजी ४१ येतात, पुढे २८, आणि शेवटी शून्याऐवजी २०. एका हातच्यापायी मूळसंख्या संयुक्त ठरते. चूक कुठल्या ओळीत झाली हे शेवटची ओळ सांगत नाही, म्हणून ओळीगणिक ताळा हवा. त्यासाठी भागाकारही जपून ठेवायचा. वरच्या पायरीत तो ३५ होता. ९ चा ताळा: ६७ चा ४, वर्ग १६, वजा २ = १४, म्हणजे ५. उजवीकडे १२७ चा ताळा १, म्हणून ३५ चा ८ अधिक ४२ चा ६ = १४, पुन्हा ५. ‘म’चाही ताळा १ असल्याने तिथे हेच चालतं. जोडीला ११ चा ठेवायचा, तिथे भागाकाराला ६ ने गुणायला विसरायचं नाही.

दुसरा खड्डा: सुरुवात ४ ऐवजी ३ ने. घातांकाला ४ ने भागून ३ उरत असतील तर तीही चालते. ७ साठी ३, ७, ४७, ४८, १६, ०. १२७ मध्येही ३ उरतात, म्हणजे तिथेही चालेल. पण घातांक ५ घेतला तर ३, ७, १६, ६ असं होऊन ३१ संयुक्त ठरते, जी उघड मूळ आहे. वाद नको, ४ च ठेवला.

तिसरा: २ वजा करायच्या ऐवजी पूरक संख्या मिळवली तर शेवटची ओळ सगळी शून्यं न येता सगळे एक येऊ शकते. सगळे एक म्हणजे खुद्द ‘म’, आणि ‘म’ला ‘म’ने भागून शून्यच. प्रोग्राममध्ये याची वेगळी तपासणी लिहिली.

१६ नोव्हेंबर

पायथन या संगणकभाषेत १२६ ओळी काढल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. हाताने म्हटलं तर प्रत्येक वर्गाला चारच्या दहा गटांत ५५ छोटे गुणाकार लागतात, आणि असे वर्ग १२५. पहिल्या काही ओळी लहान आहेत एवढीच सवलत.

त्या लहान ओळींतच नक्षीचं सौंदर्य आहे. स० = ४ (३ घरं), स१ = १४ (४), स२ = १९४ (८), स३ = ३७,६३४ (१६), स४ = १,४१,६३,१७,९५४ (३१), स५ ला ६१ घरं, स६ ला १२२. ओळ जवळजवळ दुपटीने वाढते, त्यामुळे डावीकडे गडद कोपरा राहतो: १२४, १२३, ११९, १११, ९६, ६६ आणि ५ घरांचा. घडी पहिल्यांदा स७ ला पडते. तिथून पुढे सगळी खिचडी, नुसत्या डोळ्यांना ओळ न ओळ सारखीच.

आणि मग शेवट. स१२५ शून्य आली. तिच्या आधीची स१२४ कशीही असून चालत नाही: तिचा वर्ग २ यायला हवा, आणि ‘म’च्या हिशोबात २ ची वर्गमुळं दोनच, २^६४ आणि त्याचं ऋण. (२^६४ चा वर्ग २^१२८, घडी घातली की २.) म्हणून त्या ओळीत १२७ पैकी १२६ घरं एकसारखी आणि उजवीकडून ६५ वं एकटं वेगळं. तसंच निघालं. शंभराहून जास्त ओळी गोंधळ आणि शेवटी अचानक ही शिस्त. प्रोग्राममध्ये कुठेही चूक असती तर हे जमलं नसतं.

१९ नोव्हेंबर

फलकासाठी चार ओळी इतिहास. २ चा कितवा घात वजा १ मूळ असतो, याची यादी मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६४४ साली दिली. तीत १२७ होता, पण ६७ आणि २५७ चुकीने आत होते आणि ६१, ८९, १०७ सुटले होते. २^६७ − १ चे अवयव अमेरिकन गणितज्ञ कोलने १९०३ साली मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. लुकाने १८६७ साली सॅटिन विणीच्या अंकगणितावर पुस्तिका काढली होती, म्हणजे त्याला माग परका नव्हता. सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली १८७७ साली, ‘म’च्या कसोटीनंतर वर्षभराने. संबंध काही नाही, पण फलकावर लिहायचा मोह आवरला नाही.

२३ नोव्हेंबर

ओळींवरून वीण. पहिला विचार: १ म्हणजे ताणा (उभी तार) वर, ० म्हणजे खाली. चालत नाही. गडद कोपऱ्यात सव्वाशे तारांवरून बाणा (आडवी तार) मोकळा लोंबेल आणि नखाला अडकून निघेल.

दुसरा विचार पाच तारांच्या सॅटिनचा. मग १२७ × ५ = ६३५ हूक लागतात (एका ताण्याला एक) आणि सोलापूरच्या पूर्व भागात ज्या मागावर वेळ मिळतोय त्याचं जकार्ड (भोकांच्या कार्डांवरून ताणे उचलणारं यंत्र) ४०० हुकांचं आहे.

ठरलं ते तीन तारांच्या ट्विलवर, म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीवर. प्रत्येक घराला ३ ताणे × ३ बाणे, ३८१ हूक, उरलेले १९ किनारीला (डावीकडे ९, उजवीकडे १०). घराची तीन कार्डं अशी, क्ष म्हणजे त्या घरातला आकडा, १ म्हणजे भोक, भोक म्हणजे ताणा वर:

१ क्ष ०
० १ क्ष
क्ष ० १

दर तीन तारांत एक नेहमी वर, एक नेहमी खाली, तिसरी आकडा सांगते. त्यामुळे कुठलीही ओळ आली तरी तार सलग दोनपेक्षा जास्त मोकळी राहत नाही, आडवीही नाही आणि उभीही नाही. पाच कागदांवर रंगवून तपासलं. किंमत एवढीच मोजायची की रंग काळा-पांढरा न दिसता फिका-गडद दिसतो: पांढरा ताणा, निळा बाणा, १ च्या घरात दोन तृतीयांश पांढरं, ० च्या घरात एक तृतीयांश.

२९ नोव्हेंबर

१२६ × ३ = ३७८ कार्डं. ताळा इथेही सापडला: किनार सोडून प्रत्येक कार्डातली भोकं = १२७ + त्या ओळीतले एक. स० चं कार्ड १२८, स१ आणि स२ दोन्हींची १३०, स१२५ चं नेमकं १२७. यादी छापून कार्डांसोबत दिली. मोजणीत सात कार्डं चुकीची निघाली, सगळी एका भोकाने.

क्रमाची भानगड वेळेवर लक्षात आली. विणकाराच्या बाजूने पहिला बाणा खाली येतो. स० आधी विणली तर ती तळाशी जाते, आणि कापड उलटं टांगलं की डावं-उजवंही फिरतं, संख्या मागून पुढे वाचावी लागते. म्हणून कार्डांची साखळी स१२५ पासून लावायची.

६ डिसेंबर

पहिला नमुना. दोन दोष.

एक, ताणा इंचाला ३६ तार आणि बाणा इंचाला ३० पडला. रुंदी साडेदहा इंच, लांबी साडेबारा. घरं चौकोनी राहिली नाहीत. बाणाही ३६ वर नेण्यासाठी गिअरचं चाक बदलायला सांगितलं.

दोन, शेवटची ओळच नाही. स१२५ ची तीन कार्डं आणि नक्षीखालच्या साध्या पट्टीची कार्डं एकसारखी दिसतात, दोन्ही साधं १-वर-२-खाली ट्विल. साखळी शिवताना ‘यात नक्षीच नाही, पट्टीचीच जास्तीची आली असतील’ म्हणून ती तीन बाजूला काढली गेली. शिवणाऱ्याची चूक म्हणवत नाही. ज्या ओळीसाठी सगळा खटाटोप, ती पट्टीत मिसळून जाईल हे आराखड्यातच दिसायला हवं होतं. उपाय: पट्टी आणि स१२५ यांच्या मध्ये तीन बाणे लाल. माग थांबवून धोट्यातली कांडी बदलायची, तीन बाणे झाले की पुन्हा निळी. स० च्या वरही तसंच.

१० डिसेंबर

दुसरा नमुना. १०.६ × १०.५ इंच, घरं चौकोनी. खालच्या लाल रेघेवर तीन बाण्यांची अखंड गडद ओळ, तिच्यावर एकाच वेगळ्या घराची ओळ. सहा फुटांवरून डावा कोपरा दिसतो; स१२४ चं एकटं घर वाचायला दोन फुटांवर यावं लागतं.

मग कापड उलटं करून पाहिलं. मागच्या बाजूला वरची तार खाली, खालची वर, म्हणून प्रत्येक ० चा १ आणि १ चा ०. द्विमानात अशी उलटापालट म्हणजे ‘म’मधून ती संख्या वजा करणं. म्हणजे मागे प्रत्येक ओळीचं ऋण विणलं गेलंय, आरशातल्यासारखं डावं-उजवं बदलून. ऋणाचा वर्ग तोच असल्याने मागच्या कुठल्याही ओळीचा वर्ग करून २ वजा केले तर पुढच्या बाजूची पुढची ओळ येते. आणि कोरी ओळ मागे सगळे एक होते: १२ नोव्हेंबरला लिहिलेलं दुसरं शून्य. हे ठरवून केलेलं नव्हतं. नमुना आता भिंतीला न चिकटवता दोन काचांत धरायचा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील.

१४ डिसेंबर

कापडावरून उलटी वाचणी: भिंग आणि टाचणी घेऊन निवडक दहा ओळी वाचल्या, संगणकाच्या यादीशी ताडल्या. नऊ जुळल्या. स८८ मध्ये एक घर वेगळं निघालं. तिथे एकच ताणा तुटून शेजारच्या तारेला गाठ मारलेली होती. तिन्ही कार्डं बरोबर आहेत, दोष तारेचा. त्या घराला दोऱ्याची खूण केली आणि फलकावर लिहिलं.

फलकाच्या उरलेल्या जागेत दोन गोष्टी. ‘म’चा वर्ग गुणिले १८० अधिक १ हीसुद्धा मूळसंख्या आहे, ७९ आकडी, १९५१ साली मिलर आणि व्हीलर यांनी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ती सापडवली. आणि २, ३, ७, १२७, म ही साखळी, ज्यात प्रत्येक संख्या आधीचीला घातांक करून मिळते आणि पाचही मूळ आहेत. सहावी, २ चा ‘म’वा घात वजा १, मूळ आहे की नाही हे आजवर ठरलेलं नाही. तिला सुमारे ५.१ × १०^३७ आकडे आहेत, आणि हीच कसोटी तिच्यावर लावायची तर कापडाला ‘म’ घरांची रुंदी लागेल. आपल्या ३६ तारांच्या हिशोबाने एक घर म्हणजे इंचाचा बारावा भाग.

उरलेलं काम: काचांची चौकट, लाल रेघांच्या टोकांना गाठी, आणि तिन्ही कोऱ्या कार्डांवर शाईने ‘स१२५, काढू नये’.